गाथेत न सापडलेला अभंग

गेल्या पावसाळ्यात आजीची भजनाची वही सुटी व्हायला लागली, म्हणून मी तिच्या पानांचे फोटो काढायला बसले. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची वही. चिंचवडच्या भजनी मंडळात आजी चाळीस वर्षं जाते आहे आणि एवढ्या काळात तिने 112 अभंग उतरवून घेतलेत. फोटो काढता काढता मला हौस सुचली, की प्रत्येक अभंगापुढे सरकारी गाथेतला क्रमांक टाकू. गाथा आता युनिकोडमध्ये मिळते, म्हणजे शोधायला सोपी. ज्ञानोबांचे, नामदेवांचे, जनाबाईंचे बाजूला ठेवले आणि ‘तुका म्हणे’वाले एकेक शोधत गेले. कुठे शब्द मागेपुढे, कुठे एखादं कडवं जास्त, पण सापडत होते.

एक मात्र सापडेना. पहिल्या ओळीने शोधला, शेवटच्या ओळीने शोधला, मधला एखादा वेगळा शब्द घेऊन शोधला. शून्य.

“आजी, हा तुकोबांचा नाहीये.”

“नाही कसा? शेवटी नाव आहे की त्यांचं.”

“गाथेत नाहीये.”

“मग गाथेत घालायचा राहिला असेल,” असं म्हणून आजी गॅसकडे गेली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एखादी गोष्ट डेटाबेसमध्ये नसेल तर ती नाही, असं मानायची सवय आहे. पण आजीच्या त्या वाक्याने मला वेगळाच प्रश्न पडला. गाथेत काय घालायचं हे ठरवलं कुणी? तुकोबांनी तर नक्कीच नाही. ते 1650 मध्ये गेले आणि त्यांचे अभंग सरकारी खर्चाने छापून झाले 1873 मध्ये. मधली सव्वादोनशे वर्षं ते कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी गळ्यात होते. पुढचे काही महिने मी सुट्टीच्या दिवशी हेच वाचत होते आणि गंमत म्हणजे ती घरं माझ्या रोजच्या रस्त्यावर निघाली.

आधी थोडं मागचं. तुकोबांचा जन्म 1608चा, देहूचा. जात कुणबी, घरात महाजनकी, म्हणजे बाजारपेठेचं वतन, आणि दुकान. 1630-31च्या दुष्काळात दुकान बुडालं, पहिली बायको गेली. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर ते जाऊन बसले. त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज एमआयडीसीचा फेज टू आहे आणि वरून पाहिलं तर निळ्या पत्र्यांच्या शेड दिसतात. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात पुढची गोष्ट येते. भाऊ कान्होबा त्यांना शोधत आला. वडिलांच्या वेळची कर्जखतं, म्हणजे लोकांकडून येणं असलेल्या पैशाचे कागद, दोघांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. कान्होबाने आपला वाटा ठेवला. तुकोबांनी आपला इंद्रायणीत सोडला.

मग स्वप्नात नामदेव आले, अभंग रचायला सांगून गेले, असं तुकोबा स्वतः सांगतात. इथून खरी अडचण सुरू झाली. त्या काळात धर्मावर बोलायचा हक्क जन्माने मिळायचा. कुणब्याने वेदांचा अर्थ मराठीत सांगावा, तोही कीर्तनात, आणि ब्राह्मणांनी त्याच्या पाया पडावं, हे वाघोलीच्या रामेश्वरभटांना मान्य नव्हतं. गावचा पाटील कोपलाय, आता राहायचं कुठे आणि खायचं काय, असा एक हताश अभंग गाथेत आहे. शेवटी वह्या इंद्रायणीत गेल्या. तुकोबा नदीकाठी धरणं धरून बसले. तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्याच अभंगात आहे. परंपरा सांगते की तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. रामेश्वरभट पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि वह्या पाण्यात राखल्या गेल्याचं त्यांच्या नावावरच्या रचनेतही येतं.

आजी हे जसंच्या तसं मानते. माझे काका म्हणतात की वह्या बुडाल्याच, पण लोकांना अभंग पाठ होते, त्यांनी ते परत लिहून काढले. ही दुसरी गोष्टही आपल्याकडे बरीच सांगितली जाते. मी या वादात आजीसमोर पडत नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच, की एकाच नदीत एकाच माणसाचे कागद दोनदा बुडाले. कर्जखतं गेली ती गेलीच, कारण ती ज्यांच्या नावावर होती त्यांना ती जपण्याचं काही कारण नव्हतं. अभंग राहिले.

ते कुणी ठेवले, त्यांची नावं आपल्याकडे आहेत. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभं राहून टाळ धरणारे चौदा जण होते असं परंपरा मानते. यादीतली नावं आणि गावं वाचा: संताजी तेली जगनाडे, सुदुंबरे. गंगारामपंत मवाळ, कडूस. मल्हारपंत कुलकर्णी, चिखली. मालजी गाडे, येलवाडी. शिवबा कासार, लोहगाव. नावजी माळी. शिवाय धाकटा भाऊ कान्होबा, आणि नंतर खुद्द रामेश्वरभट. चिखली आता महापालिकेत आहे, माझ्या एका मैत्रिणीचा फ्लॅट तिथे आहे. लोहगाव म्हणजे आपलं विमानतळ. कडूस चाकणच्या पुढे, खेड तालुक्यात. मालजी गाडे तर तुकोबांचे जावई. तेली, ब्राह्मण, कासार, माळी, कुणबी असे सगळे एका रांगेत. रामेश्वरभटांनी आधी ज्या मुद्द्यावर आक्षेप घेतला होता, त्याचं उत्तर त्या रांगेतच उभं होतं.

टाळकरी म्हणजे नुसता साथीदार नव्हे. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि आपलं म्हणणं पटवायला इतर संतांचे अभंग प्रमाण म्हणून देतो. त्याने पहिले दोन शब्द उच्चारले की मागच्यांनी पुढची ओळ उचलायची असते. म्हणजे त्यांना शेकडो अभंग तोंडपाठ लागतात. आणि जो अभंग उचलला जात नाही, ज्याची चाल बसत नाही, तो हळूहळू मागे पडतो. कुणी बैठक घेऊन ठरवत नाही. रोज रात्री कुठल्या तरी देवळात शंभर-दोनशे माणसं नकळत निवड करत असतात.

या चौदांपैकी दोघांकडे लेखणी होती असं सांगितलं जातं, गंगारामपंत आणि संताजी. गंगारामपंत ब्राह्मण, त्यांचं लिहिणं स्वाभाविक. संताजींचं नवल वाटतं. जन्म 1624 च्या सुमाराचा, चाकणचा. घाण्यावर तेल काढायचं आणि विकायचं, आणि हिशेबापुरतं लिहिता-वाचता यायचं. चाकणच्या चक्रेश्वर मंदिरात तुकोबांचं कीर्तन ऐकलं आणि हा माणूस त्यांच्यामागे गेला, अशी गोष्ट आहे. ज्या अक्षरात शेर-अदशेराचा हिशेब मांडायचा, त्याच अक्षरात त्यांनी अभंग उतरवले. तुकोबांहून सोळा-सतरा वर्षांनी लहान. आपल्या भाषेत ज्युनिअर.

ते कागद टिकणं सोपं नव्हतं. तुकोबा गेल्यावर दहाच वर्षांनी, 1660च्या पावसाळ्यात, शायिस्ताखानाने चाकणचा किल्ला वेढला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला आणि मग तो पडला. एवढं सैन्य दोन महिने पोसणाऱ्या मुलखात वह्यांचं काय होत असेल? गावं उठायची, धान्य लपवलं जायचं, माणसं डोंगरात जायची. जाताना माणूस बरोबर काय घेतो? कुणीतरी वही घेतली असणार. यापेक्षा जास्त मला माहीत नाही, पण वही उरली हे माहीत आहे.

अभंग फक्त देहूच्या पंचक्रोशीत फिरत होते असंही नाही. बहिणाबाई तेव्हा कोल्हापुरात होत्या. ब्राह्मण घरातल्या, लहान वयात लग्न झालेल्या. त्यांनी तुकोबांची पदं ऐकली ती जयरामस्वामींच्या कीर्तनात. हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवलंय. म्हणजे 1640च्या दशकात, तुकोबा हयात असताना, देहूच्या एका दिवाळखोर वाण्याची कविता दोनशे किलोमीटरवर दुसरा कीर्तनकार गात होता. छपाई नाही, राजाश्रय नाही, उलट धर्माधिकाऱ्यांचा विरोध. बहिणाबाईंनी तुकोबांना स्वप्नात गुरू केलं, नवऱ्याचा मार खाल्ला, आणि शेवटी सगळं कुटुंब देहूला आलं.

बरं, पसरण्याचा त्रासही होता. गाथेत सालोमालो नावाच्या माणसाबद्दल अभंग आहेत. ‘संत तुकाराम’ चित्रपट ज्यांनी पाहिलाय त्यांना हे नाव आठवेल. तुकोबांची तक्रार अशी, की हे लोक दुसऱ्याचं उचलतात, त्याचं वाटोळं करतात आणि आपलं म्हणून सांगतात. चार शतकांपूर्वीचा कॉपी-पेस्ट. आणि याच्या नेमका उलटा प्रकारही झाला. लोक स्वतःचं रचून शेवटी ‘तुका म्हणे’ लावू लागले. सालोमालोला नाव हवं होतं, या लोकांना नको होतं. त्यांना आपली ओळ टाळकऱ्यांनी उचलायला हवी होती, आणि तुकोबांच्या नावाने ती उचलली जायची. त्यात अठराव्या शतकात तुकाविप्र नावाचे वेगळेच कवी होऊन गेले. गोंधळ व्हायचा तो झालाच.

1685 मध्ये तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज पालखी घेऊन पंढरीला निघाले. पुढे दिंड्या वाढल्या, फड उभे राहिले, कुठल्या दिवशी आणि कुठल्या प्रसंगाला कोणते अभंग म्हणायचे याच्या मालिका ठरत गेल्या. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मालिकेत आलेला अभंग दरवर्षी हजारो लोक म्हणणार, म्हणजे तो मरत नाही. ज्याला मालिकेत जागा नाही त्याला कुणाच्या तरी वहीची वाट बघावी लागते. आपण आज फीड म्हणतो त्याचीच ही कूर्मगती आवृत्ती, फरक इतकाच की इथे निवड करणारा स्वतः चालतो, गातो आणि पायाला फोड आणतो.

छापखाना आल्यावर निवड करणारे बदलले. 1854 मध्ये परशुरामपंत गोडबोल्यांनी शाळेसाठी ‘नवनीत’ हा काव्यसंग्रह केला. प्रार्थना समाजातल्या रानडे-भांडारकरांना तुकोबा फार जवळचे वाटले. शिक्षण खात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनाही तुकोबांमध्ये रस होता. आणि मग सरकारी मदतीने इंदुप्रकाश छापखान्याची दोन खंडांची गाथा आली, 1869 आणि 1873. संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित, म्हणजे विधवाविवाहासाठी शिव्या खाल्लेले तेच, आणि शंकर पांडुरंग पंडित.

या दोघा विद्वानांनी मजकूर आणला कुठून? देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांतून. देहूची तुकोबांच्या घराण्यातली, कडूसची मवाळांची, तळेगावची त्र्यंबक कासाराच्या नावाची, पंढरपूरची वारकऱ्यांच्या म्हणण्यातून आलेली. हे वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीत सरळ बसले. मराठीतल्या सगळ्यात मोठ्या कवीची अधिकृत प्रत चारपैकी तीन वेळा तळेगाव-देहू-चाकण-खेड या पट्ट्यातल्या घरांमधून गोळा झालीये. ज्या रस्त्यावर आम्ही रोज कंटेनरच्या मागे तासभर अडकतो, त्याच रस्त्यावरच्या माळ्यांवरून.

चार प्रती समोर ठेवून त्यांतून एक करणं काय असतं, हे मला कामामुळे थोडं कळतं. दोघांनी एकाच फाइलमध्ये वेगवेगळे बदल केले की आमच्याकडे मर्ज कॉन्फ्लिक्ट येतो आणि कुणीतरी बसून एकेक ओळ ठरवावी लागते. आम्ही बदल करणाऱ्याला फोन तरी करू शकतो.

तिथून पुढे आकडे बघा. सरकारी गाथेच्या 1950च्या आवृत्तीत सुमारे 4600 अभंग. 1889 मध्ये तुकाराम तात्या पडवळ यांनी मुंबईत जी गाथा काढली तिच्यात 8000हून अधिक. हे तेच पडवळ, ज्यांनी ‘एक हिंदू’ या नावाने जातिभेदाविरुद्ध ‘जातिभेद विवेकसार’ लिहिलं. मिळेल ते सगळं आत घ्यायचं असं त्यांचं धोरण दिसतं. आणि मग 1919-20 मध्ये ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडेंच्या म्हणून जपलेल्या वह्या छापल्या आणि त्यांना नाव दिलं ‘अस्सल गाथा’. त्यात किती? सुमारे 1300.

1300, 4600, 8000. खरे तुकोबा कोणते?

अभ्यासक यावर भांडत आलेत. साधा हिशेब असा, की सगळ्यात जुनी वही सगळ्यात खरी. पण संताजी काही रेकॉर्डिंग मशीन नव्हते. ते चाकण-सुदुंबऱ्याहून येत, तेलाचा धंदा सांभाळत. ज्या रात्री ते कीर्तनाला नव्हते त्या रात्रीचं काय? त्यांनी जे लिहिलं ते त्यांनी ऐकलेलं, त्यांना धरवलेलं. कडूसला दुसऱ्या रात्रीचं उतरलं असेल. आणि 8000मध्ये नुसती भरती आहे असं म्हणावं, तर ती भरती करणाऱ्या अनामिकांना आपलं नाव सोडून तुकोबांच्या नावावर का जावंसं वाटलं, हाही इतिहासच आहे. मला विचाराल तर मी 4600वर हात ठेवीन, पण ते माझं मत म्हणून. प्रिंटआउट काढून आजीला दाखवण्याची माझी हिंमत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला खुपत राहिली. लोकांनी जपलं म्हणून तुकोबा टिकले, हे सांगताना छाती फुगते. पण लोकांनी काय जपलं नाही? जिजाई, म्हणजे आवली. तुकोबांची दुसरी बायको. तिची चिडचिड, घरात दाणा नाही म्हणून तिचं ओरडणं, हे गाथेत आहे, पण तुकोबांच्या शब्दांत. तिचं बोलणं तिच्या बाजूने कुणी उतरवलं नाही. ती टाळकऱ्यांच्या रांगेत नव्हती, ती चुलीपाशी होती आणि तिथे लेखणी घेऊन कुणी बसलं नव्हतं. बहिणाबाईंचं नशीब बरं, त्यांचे अभंग शिऊरला राहिले, आणि तेही छापले गेले 1914 मध्ये. त्याही आधी तीनशे वर्षं चोखोबांचं तेच. त्यांचे अभंग अनंतभट्टाने लिहून ठेवले असं परंपरा सांगते. ज्या देवळाच्या पायरीपुढे चोखोबांना जाऊ दिलं नाही, त्या समाजातला एक लिहिणारा मिळाला म्हणून काही वाचले. सोयराबाई, निर्मळा, कर्ममेळा यांचे मोजकेच हाती आहेत. कर्ममेळ्याचे थोडेसेच अभंग वाचले तरी तो किती रागावलेला आहे हे कळतं, आणि वाटतं की उरलेला राग कुणाला ऐकवला नसेल का? की ऐकणाऱ्यांना तो उचलवला नाही?

निवडणारी माणसं आपली असली तरी ती निवडतातच. आणि ज्यांच्या हाती टाळ आहे, लेखणी आहे, रात्री घराबाहेर पडायची मोकळीक आहे, त्यांचीच निवड टिकते. संताजींमुळे त्या रांगेत एक तेली होता, हे किती मोठं होतं ते मला इथे जास्त कळलं. बाई मात्र तेव्हा त्या रांगेत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला घेऊन सुदुंबऱ्याला गेले. देहूपासून लांब नाही. तळेगाव-चाकण रस्त्याला ट्रक इतके होते की आजीने मध्ये दोनदा विचारलं, परत फिरायचं का. संताजींची समाधी शांत जागी आहे. तुकोबांनी संताजींना वचन दिलं होतं की तुला मूठमाती द्यायला मी येईन, आणि ते वैकुंठाहून आले, ही गोष्ट आजीने मला तिथे उभं राहून नव्याने सांगितली, जणू मी ती कधी ऐकलीच नव्हती. मग तिने हात जोडले आणि हळू आवाजात तोच अभंग म्हटला. न सापडलेला.

परतताना गाडीत मी विचारलं, “हा तुला कुणी दिला?”

“आमच्या मंडळातल्या एका काकूंनी. मी त्यांच्या वहीतून उतरवला.”

“आणि त्यांना?”

“त्यांच्या सासूबाईंकडून. त्या आळेफाट्याकडच्या. त्यांना लिहिता यायचं नाही, पाठ होता. काकूंनी ऐकून लिहिला.”

म्हणजे तीन बायका. एकीला अक्षर येत नव्हतं, दुसरीने ऐकून उतरवला, तिसरीने बघून उतरवला. तो तुकोबांचा आहे की आळेफाट्याकडच्या कुणा बाईने रचून त्यांच्या नावावर सोडलाय, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी आजीला ही दुसरी शक्यता बोलून दाखवली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, “असेल. पण चांगला आहे ना?”

आजीची नजर आता अधू झालीये. फोटो काढून झालेत, क्लाउडवर आहेत, पण तिला ते भजनात कसे उघडायचे? मग मी नवीन वही आणली आणि रोज रात्री दोन-तीन अभंग मोठ्या अक्षरात उतरवून द्यायला लागले. त्या अभंगाशी आलो तेव्हा घोटाळा झाला. तिच्या वहीत एका ओळीत एक शब्द होता आणि ती म्हणताना दुसराच म्हणत होती. वहीतला जास्त जुना वाटत होता, अर्थही नीट लागत होता. मी पेन थांबवून विचारलं, “आजी, यातला कुठला घेऊ?”

“आम्ही म्हणतो तो लिही,” ती म्हणाली. “आणि दुसरा बाजूला बारीक अक्षरात लिहून ठेव.”